गाणं वाजतंय, पडदा मात्र काळा

वाचकांचे प्रश्न : घरचा कॉम्प्युटर

प्रश्न : नमस्कार ताई. मी अमळनेरला राहतो. लग्नाचं शूटिंग आणि अहिराणी गाण्यांच्या व्हिडिओंचं एडिटिंग हा माझा धंदा. यंदा सीझनच्या आधी सुटे पार्ट आणून घरीच नवा कॉम्प्युटर जोडला. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि मित्राकडून घेतलेलं वापरलेलं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड. मॉनिटर नवा, २७ इंची, १४४ हर्ट्झचा. एचडीएमआय केबल घरातल्या सेट टॉप बॉक्सची लावली. सुरुवातीला सगळं झकास चाललं. आता काम करता करता स्क्रीन अचानक काळी होते आणि ‘नो सिग्नल’ येतं. पंखे फिरतात, स्पीकरवर गाणं चालू राहतं, चित्र तेवढं नसतं. कधी मागची केबल हलवली की परत येतं, कधी बटण दाबून बंदच करावं लागतं. रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची तयार फाइल बनवणं) लावला की जास्त होतं असं वाटतं, पण नुसतं बसलेलो असतानाही झालंय. कॅबिनेट जळगावच्या एका दुकानात नेलं. त्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ चालवलं, तिथे काहीच झालं नाही. तरी म्हणाले, कार्ड गेलं, नवीन टाका. घरी आणलं की पुन्हा तेच. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत कामं द्यायची आहेत. गानं वाजी ऱ्हायनं, पन चित्र दिसत नही. ताई, कार्ड खरंच गयं का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, कार्ड घेऊ नका. निदान खाली सांगते ते सगळं करून होईपर्यंत तरी खिशात हात घालू नका. तुमच्या पत्रातच दोन गोष्टी अशा आहेत की त्यांवरून निम्मा तपास होतो, आणि दुकानात त्या दोन्हींकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही.

पहिली गोष्ट, गाणं चालू राहतं. म्हणजे प्रोसेसर, रॅम, बोर्ड, डिस्क, विंडोज सगळं जागं आहे आणि आपलं काम करतंय. रॅम किंवा प्रोसेसरचा दोष असता तर गाणं अडकलं असतं, एकच सूर घरघरत राहिला असता किंवा मशीन रीस्टार्ट झालं असतं. पुढच्या वेळी खात्री करायची असेल तर कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतोय-विझतोय म्हणजे मशीन जिवंत आहे. आणि अशा वेळी बटण दाबून बंद करण्याआधी, एडिटिंगची खिडकी समोर उघडी होती हे आठवत असेल, तर न बघता कंट्रोल आणि एस दाबा. चित्र दिसत नसलं तरी फाइल सेव्ह होते. लोकांच्या घरचं लग्न तुमच्या त्या फाइलीत असतं, ते परत शूट करता येत नाही. म्हणून हे सगळ्यात आधी सांगितलं.

दुसरी गोष्ट, दुकानात बिघाड झाला नाही. तुम्ही कॅबिनेट नेलं. कार्ड त्याच्या आतच होतं, एसएमपीएसही आतच होता. मग घरी काय राहिलं? मॉनिटर, केबल, एक्स्टेंशन बोर्ड, घरची लाइट आणि खोलीतली उष्णता. जी वस्तू दुकानात नीट चालली तिला दोषी ठरवायचं आणि जी घरीच राहिली तिच्याकडे बघायचंही नाही, हे मला पटत नाही. पाटाचं पाणी शेतात पोचलं नाही तर आपण लगेच नवी विहीर खोदायला घेत नाही, आधी चारीच्या कडेने चालत जाऊन कुठे फुटलीय ते बघतो. चित्राचंही तसंच बघायचं. मॉनिटरपासून सुरुवात करा आणि मागे मागे कार्डापर्यंत या. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की कशाने बरं झालं ते कळत नाही.

माझा पहिला संशय केबलवर आहे. तिचं टोक दिवसाउजेडी किंवा मोबाइलचा टॉर्च लावून नीट बघा. एचडीएमआयच्या त्या चपट्या तोंडात आत बारीक बारीक १९ पट्ट्या असतात, वर-खाली दोन ओळींत. त्यातली १९ वी पट्टी चित्र नेत नाही. ती फक्त कार्डाला सांगत असते की ‘पलीकडे मॉनिटर लावलेला आहे.’ ही एक पट्टी आत दबली, तिच्यावर हिरवट थर चढला किंवा टोक सॉकेटमध्ये सैल बसलं, की कार्डाला वाटतं मॉनिटर काढून घेतला. ते चित्र पाठवणंच थांबवतं. कार्ड ठणठणीत, मॉनिटर ठणठणीत, आणि तुमच्यासमोर ‘नो सिग्नल’. विंडोजला अशा वेळी एखादं उपकरण काढल्यासारखं वाटतं, म्हणून पेन ड्राइव्ह काढल्यावर वाजतो तसा आवाज बरेचदा येतो. गाण्याच्या गडबडीत तो ऐकू जात नाही. एकदा गाणं बंद ठेवून लक्ष द्या. केबल हलवली की चित्र येतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मी या पट्टीवर एवढी थांबले.

दुसरं म्हणजे ती केबल सेट टॉप बॉक्सची. त्या केबलला टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० किंवा ६० वेळा न्यायची सवय. तुमचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे त्याच तारेतून जवळपास अडीचपट चित्रं. विंडोज नवा मॉनिटर लावल्यावर बहुतेक वेळा ६० वरच ठेवतं. सुरुवातीला झकास चाललं म्हणता, नंतर कुणी सेटिंगमध्ये जाऊन १४४ केलं का, हे घरात विचारा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे तो आकडा दिसतो. तो ६० करा आणि दिवसभर काम करा. बिघाड थांबला तर केबलचं दुखणं उघड झालं, आणि या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही.

त्याहून चांगली परीक्षा तुमच्या मॉनिटरच्या खोक्यात असू शकते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचं, म्हणजे एचडीएमआयसारखंच चित्र नेणारं दुसरं सॉकेट बहुधा असतंच आणि कंपन्या बरेचदा त्याची केबल सोबत देतात. पिशवी न फोडता लोक ती माळ्यावर टाकतात. ३०६० च्या कार्डावर साधारणपणे तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं. डिस्प्लेपोर्टने जोडा, मॉनिटरच्या मेनूत इनपुट बदला. केबल, कार्डावरचं सॉकेट आणि मॉनिटरवरचं सॉकेट तिन्ही एकदम बदलली जातात. एका वेळी एकच गोष्ट बदला असं मी वर म्हटलं, हा त्याला अपवाद, कारण इथे तिन्ही मिळून एकच वाट आहे. नवी एचडीएमआय केबल घ्यायचीच झाली तर वेष्टनावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं प्रमाणपत्राचं लेबल बघून घ्या. पहिली सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेते, दुसरी ४८. लांबी दीड-दोन मीटर पुरे. पाच मीटरची केबल घेऊन टेबलाखाली गुंडाळी करून ठेवण्यात काही फायदा नाही.

एक चूक मात्र करू नका. केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या एचडीएमआयला लावून ‘कार्डाशिवाय चालतं का’ हे बघायला जाऊ नका. तुमच्या रायझेन ५ ५६०० मध्ये ग्राफिक, म्हणजे चित्र तयार करणारा भाग नाही, तो ५६००जी मध्ये असतो. बोर्डावर सॉकेट असलं तरी तिथून काही येणार नाही, आणि तुम्हाला वाटेल बोर्डही गेलं.

आता लाइटकडे या. हे मी आपल्या भागातल्या प्रत्येकाला पोटतिडकीने सांगते. एप्रिल-मेमध्ये अमळनेर काय, जळगाव-भुसावळ काय, दुपारी पारा ४५ च्या आसपास जातो. खोलीत कूलर असणारच. तो कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील तर आजच वेगळे करा. कूलरची मोटर आणि त्याचा पाण्याचा पंप चालू-बंद होताना तारेत झटका बसतो, आणि कमजोर केबलमधलं चित्र तेवढ्यानेही तुटतं. एक वही ठेवा. चित्र गेलं की वेळ लिहा, आणि त्या क्षणी घरात काय चालू झालं किंवा बंद झालं ते लिहा. कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर, शेजारची पिठाची गिरणी, काहीही. दोन-तीन दिवसांत वहीच बोलायला लागते.

अर्थिंगही तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर विजेच्या बोर्डाच्या तिसऱ्या भोकात अर्थिंग नाही. वायरमनला बोलवून मीटर लावायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास आलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट. घराचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. त्यात पाणी टाकत राहायला हवं. मॉनिटरची तीन पिनची वायर दोन पिनच्या जुगाडातून लावलेली असेल तर ते काढा. आणि अर्थिंग नीट होईपर्यंत एचडीएमआयची केबल चालू मशीनला लावू-काढू नका. दोन्हींकडच्या पत्र्यांमधला तो झिणझिण्यांचा विजेचा प्रवाह केबल लावताना टोकातून जातो आणि सॉकेटमागची चिप जळू शकते. तुम्ही प्रत्येक वेळी केबल हलवताय, म्हणून मला ही खरी काळजी वाटते. चांगलं कार्ड खरंच जायचं ते असं.

इथपर्यंत सगळं नीट निघालं आणि तरी चित्र जातंय, तरच कार्डाकडे या. काळ्या स्क्रीनवर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिकचा ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो, एक छोटा बीप येतो. त्याने चित्र परत आलं तर ड्रायव्हर काढून नवीन टाका. इव्हेंट व्ह्युअर या विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या यादीत ४१०१ क्रमांकाची नोंद दिसली तर तीही ड्रायव्हर अडकल्याचीच खूण. पण चित्र जाताच कार्डाचे पंखे एकदम भणाणून जोरात फिरायला लागत असतील, तर ते वेगळं. त्या वेळी कार्डाला वीज कमी पडतेय किंवा ते तापतंय.

५५० वॅट पुरेसे आहेत, ३०६० ला १७० वॅट लागतात आणि कंपनी एकूण मशीनसाठी ५५० चाच एसएमपीएस सुचवते. प्रश्न असतो तो जोडणीचा. कार्डाच्या पॉवरची पिन सहा अधिक दोन अशी फुटलेली असते. ती लावताना दोनचा तुकडा किंचित बाहेर राहतो, वरून बघितलं तर बसल्यासारखाच दिसतो. मशीन साध्या कामाला चालतं आणि रेंडर लावला की कार्ड जीव सोडतं. लाइट बंद करून दोन्ही तुकडे एकत्र धरून टक् आवाज येईपर्यंत दाबा. तुम्ही कॅबिनेट जळगावला नेलं-आणलं, धरणगावमार्गे गाडीवर नेलं असेल तर त्या धक्क्यांनी वजनदार कार्ड स्लॉटमधून मागच्या बाजूने किंचित उचललं जातं. म्हणून कार्ड पूर्ण काढून परत बसवा, स्लॉटच्या टोकाचं कुलूप लागलं का बघा आणि मागचे स्क्रू घट्ट करा. पुढच्या वेळी न्यायचं झालं तर कार्ड वेगळं काढून न्या, नाहीतर कॅबिनेट आडवं ठेवा, कार्ड उभं राहील असं.

तापमान टास्क मॅनेजरमध्येच दिसतं, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक कार्डावर) जा. रेंडर चालू असताना ८३ अंशांच्या वर जायला लागलं तर कार्डाच्या पंख्यांत काय अडकलंय ते बघा. जिनिंगच्या आसपास घर असेल तर कापसाची तूस पंख्यामागच्या पत्र्यांत अशी घट्ट बसते की फुंकर मारून निघत नाही. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मऊ ब्रशने काढा. वापरलेलं कार्ड आहे, आतली उष्णता बाहेर नेणारी पेस्ट वाळलेली असू शकते. ती बदलायला फार पैसे पडत नाहीत, मात्र ज्याने हे काम आधी केलंय त्याच्याकडूनच करून घ्या.

हे सगळं झाल्यावर कार्ड एखाद्या मित्राच्या मशीनमध्ये लावा आणि तिथे रेंडर चालवा. तिथेही चित्र गेलं तर मी म्हणेन, कार्ड गयं. त्याआधी नाही.

प्रश्न : ताई, मी नंदुरबारची. बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. बाबांनी पैसे दिले आणि मी व्हिडिओ बघून स्वतः कॉम्प्युटर जोडला. आय५ १२४००एफ, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम. ग्राफिक कार्ड पुढच्या वर्षी घेऊ असं ठरवलं होतं. पंखे फिरतात, लाइट लागते, पण पहिल्यापासून एकदाही डिस्प्ले आला नाही. सगळे म्हणतात मी काहीतरी जाळलं. रॅम काढून-लावून झाली. बाबा काही बोलत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : बेटा, तू काहीही जाळलेलं नाहीस. बाबांना हे उत्तर वाचून दाखव.

प्रोसेसरच्या नावातलं ते शेवटचं ‘एफ’ म्हणजे त्यात ग्राफिक नाही. वेगळं कार्ड लावल्याशिवाय त्या मशीनवर चित्र येणं शक्यच नाही, कितीही वेळा रॅम काढून लावलीस तरी. एफ नसलेल्या १२४०० मध्ये ग्राफिक आतच असतं, तुझ्या अभ्यासाला ते भरपूर झालं असतं. एफवाला थोडा स्वस्त असतो म्हणून तो जास्त खपतो. कार्ड आत्ता घेणार नाही असं तू दुकानात सांगितलं असशील, तर विकणाऱ्याने हे तुला सांगायला हवं होतं.

आधी बिल घेऊन दुकानात जा आणि एफ नसलेला बदलून द्यायला सांग, वरचा फरक द्यायची तयारी ठेव. ठामपणे सांग, आवाज न चढवता. नाहीच बदलून दिला तर जीटी १०३० सारखं छोटं वापरलेलं कार्ड बघ. त्याला वेगळी पॉवरची वायरही लागत नाही. फार जुनं कार्ड मात्र फुकट मिळालं तरी घेऊ नकोस, नव्या बोर्डांवर त्यांचं चित्र सुरुवातीला येतच नाही असं पुष्कळदा होतं. आणि विकत घेण्याआधी कुणाचं तरी कार्ड तासाभरासाठी मागून आण, केबल बोर्डाला न लावता कार्डाला लाव. कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचार. चित्र आलं की तुझी जोडणी बरोबर होती हे सगळ्यांना दिसेल.

तरीही आलं नाही तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली, प्रोसेसरजवळची आठ पिनची पॉवर लावलीस का ते बघ. कॅबिनेटच्या अरुंद कोपऱ्यात ती राहून जाते, आणि ती नसली तरी पंखे आरामात फिरतात.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त, भुसावळ. नातवाने नवीन कॉम्प्युटर जोडून दिला आहे. उत्तम चालतो. पण मी खुर्चीवरून उठलो की स्क्रीन दोन सेकंद काळी होते आणि आपोआप परत येते. बसलेलो असताना कधीच होत नाही. घरचे म्हणतात, तुमचा भास आहे.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, भास नाही. तुमची खुर्ची वर-खाली होणारी, खाली गॅसचा दांडा असलेली आहे ना? आपण उठलो की त्या खुर्चीत साठलेली स्थिर वीज एकदम सुटते, आणि त्याची बारीक लहर जवळच्या केबलमध्ये शिरते. चित्र क्षणभर तुटतं आणि मॉनिटर ते पुन्हा जुळवून घेतो. आपली हवा या दिवसांत इतकी कोरडी असते की हे जास्तच होतं. नायलॉनचा शर्ट काढताना चटचट होतं, तीच वीज. मॉनिटर बनवणाऱ्यांना आणि केबलवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे.

एक संध्याकाळ लाकडी खुर्चीवर बसून बघा. त्यावरून उठल्यावर स्क्रीन काळी झाली नाही, तर नातवाला सांगा की मॉनिटर सेवा केंद्रात न्यायची गरज नाही. लहान लांबीची, टोकाजवळ जाड गाठीसारखं लोहचुंबकी कडं असलेली केबल आणायची, ती खुर्चीपासून आणि पॉवरच्या वायरींपासून दूर भिंतीच्या बाजूने न्यायची, आणि वर अमळनेरच्या भाऊंना सांगितलं तसं अर्थिंग तपासून घ्यायचं. केबल बदलेपर्यंत स्क्रीन गेली तरी घाबरून बटण दाबू नका, तुमचं काम जसंच्या तसं असतं.